दीव आणि घारापुरी ऊर्जा अभ्यासदौरा : पालक आणि विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या भागांतील आणि सीमेपलीकडच्या चंदगडमधील मराठी शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी बेटांवरच्या अपारंपरिक ऊर्जेचा एक अभ्यासदौरा आखण्यात आला आहे. त्याविषयी पालक बैठकांत आणि दूरध्वनीवर पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तो विषय दोन ओळींत सांगून भागण्यासारखा नव्हता.

हा दौरा नेमका कशासाठी आहे?

वीज कोठून येते, असे विचारले की आपल्याकडचा बहुतेक मुलगा डीपीकडे बोट दाखवतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. मुख्य भूमीवर विजेचे जाळे इतके दूरवर पसरलेले असते की आपल्या घरातला दिवा कोणत्या धरणावर, कोणत्या कोळशावर किंवा कोणत्या पवनचक्कीवर लागला, हे शोधून काढणे अशक्यच असते. बेटावर मात्र हा गुंता बराच सुटतो. तेथे वीज एकतर जागेवर तयार होते किंवा ठरावीक वाटेने बाहेरून येते, आणि दोन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहता येतात. किती वीज लागते, किती तयार होते, उरलेली कोठे जाते, कमी पडली तर कोण देते आणि या साऱ्याचा मालक कोण, या पाच प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांनी जागेवर जाऊन, माणसांशी बोलून आणि वहीत आकडे मांडून शोधावीत, एवढाच या दौऱ्याचा हेतू आहे. ही सहल नव्हे. समुद्र दिसेल, किल्लाही दिसेल, पण वेळापत्रक त्यांच्यासाठी आखलेले नाही.

दीवच का निवडले?

दीव हे सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला असलेले सुमारे चाळीस चौरस किलोमीटरचे बेट आहे. अरुंद खाडीमुळे ते मुख्य भूमीपासून वेगळे झाले आहे आणि पुलांनी तिच्याशी जोडलेले आहे. २०११ च्या जनगणनेत दीव जिल्ह्याची लोकसंख्या ५२,०७४ होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पूर्वी या बेटाची विजेची सारी भिस्त गुजरातकडून येणाऱ्या विजेवर होती. गेल्या दशकात तेथे सुमारे १३ मेगावॅट क्षमतेची सौरऊर्जा उभी राहिली. त्यांपैकी सुमारे १० मेगावॅट जमिनीवर, मुख्यतः फुदम गावाजवळच्या खडकाळ, पडीक जागेवर आहे आणि सुमारे ३ मेगावॅट इमारतींच्या छपरांवर. बेटाची कमाल मागणी त्या वेळी सुमारे ७ मेगावॅट असल्यामुळे लख्ख उन्हाच्या दिवशी दुपारी गरजेपेक्षा जास्त वीज तयार होऊ लागली. २०१८ मध्ये दिवसाची पूर्ण गरज सौरऊर्जेवर भागवणारे शहर म्हणून दीवचे नाव देशभर झाले.

या वाक्यातला ‘दिवसाची’ हा शब्द विद्यार्थ्यांनी अधोरेखित करून ठेवावा. बातम्यांच्या मथळ्यांतून तो बहुधा गळतो आणि मग दीव पूर्णपणे सूर्यावर चालते असा समज पसरतो. सूर्य मावळल्यावर दीवला आजही बाहेरच्या जाळ्यातूनच वीज घ्यावी लागते. घराघरांत दिवे आणि पंखे, हॉटेलांत वातानुकूलन, मासळीसाठी बर्फ, ही मागणी संध्याकाळीही असते, किंबहुना काही बाबतींत वाढते. त्यामुळे दौऱ्यातला सर्वांत महत्त्वाचा तास भर दुपारचा नसून सूर्यास्ताच्या अलीकडचा आणि पलीकडचा आहे. त्या वेळी प्रत्येक गट आपल्याला नेमून दिलेल्या ठिकाणी मीटरजवळ उभा राहून दर दहा मिनिटांनी नोंद घेईल.

मग घारापुरी कशाला? ती तर लेण्यांची जागा आहे.

बरोबर, आणि म्हणूनच तेथील गावांकडे कोणाचे लक्ष जात नाही. मुंबईच्या गेटवेवरून लाँचने तासाभरात पोहोचता येणाऱ्या या बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. मुंबईचे दिवे समोर झगमगत असताना या वस्त्यांना अनेक वर्षे संध्याकाळी काही तास डिझेल जनित्रावर मिळणाऱ्या विजेवर भागवावे लागले. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राच्या तळातून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटर लांबीच्या केबलने तेथे कायमची वीज पोहोचली.

योगायोग पाहा, ज्या साली दीवच्या सौरऊर्जेचा देशभर गवगवा झाला, त्याच साली मुंबईला खेटून असलेल्या बेटावर पहिल्यांदा चोवीस तास वीज आली. एकाच दौऱ्यात ही दोन्ही बेटे पाहिल्याशिवाय बेटावरच्या विजेचा प्रश्न नीट कळत नाही. घारापुरीत आपल्याला सौर पॅनेल मोजायचे नाहीत. वीज येण्याआधी फ्रीज, पाण्याचा पंप, मुलांचा अभ्यास आणि दुकानदारी कशी चालत होती, हे तेथील ज्येष्ठांना विचारायचे आहे. ते मराठीतूनच बोलतील, त्यामुळे येथे दुभाष्याची गरज नाही. लेणी सोमवारी बंद असतात आणि त्या दिवशी बेटावर वर्दळही कमी असते. म्हणून भेटीचा वार सोमवार सोडून ठरवला आहे.

प्रवास कसा आणि किती दिवसांचा आहे?

जाण्यायेण्यासह दहा दिवस लागतील. बेळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबई, दुसऱ्या दिवशी घारापुरी आणि मुक्काम, तिसऱ्या दिवशी बांद्रा टर्मिनसहून वेरावळची रेल्वे, चौथ्या दिवशी सकाळी वेरावळला उतरून बसने कोडिनार आणि उना या मार्गाने दीव, असा क्रम आहे. वेरावळहून दीव सुमारे नव्वद किलोमीटर आहे. दीवमध्ये चार दिवस काम होईल आणि त्याच वाटेने परत यायचे आहे. खानापूरकडचे विद्यार्थी बेळगाव स्थानकावर आणि निपाणी, चंदगडकडचे विद्यार्थी सोयीनुसार बेळगावला किंवा थेट मुंबईला गटात सामील होऊ शकतील. मात्र थेट मुंबईला येणाऱ्यांबरोबर पालक असणे आवश्यक आहे.

वाटेत कोडिनारला थांबण्याचे कारण काय?

या दौऱ्यातला हा थांबा दीड तासाचाच आहे, पण बेळगाव जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तो सर्वांत जिव्हाळ्याचा ठरावा.

१९६९-७० च्या सुमारास खेड्यांत वीज पोहोचवण्यासाठी देशात प्रायोगिक स्वरूपात पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था स्थापन झाल्या. आंध्रात सिरसिल्ला, उत्तर प्रदेशात लखनौ, महाराष्ट्रात मुळा-प्रवरा, गुजरातमध्ये कोडिनार आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आपले हुक्केरी. म्हणजे हुक्केरी तालुक्यातील शेतकरी ग्राहक तर झालेच, शिवाय वीज वितरणाच्या संस्थेचे सभासदही झाले. पाचांपैकी काही संस्था पुढे विसर्जित झाल्या, हुक्केरीची मात्र अजून चालू आहे. तेथील ग्राहकाला बिल हेस्कॉमचे, म्हणजे या भागातील सरकारी वीज कंपनीचे, येत नाही, संस्थेचे येते. हुक्केरीचे विद्यार्थी हे लहानपणापासून पाहत आले असल्यामुळे त्यांना त्यात विशेष काही वाटत नाही. शेजारच्या तालुक्यातील मुलांना मात्र ही गोष्ट बहुधा ठाऊकच नसते.

ही संस्था वीज तयार करत नाही, घाऊक वीज घेऊन वाटते, हे ध्यानात ठेवावे. तरीही, तारा, खांब आणि मीटर यांची मालकी गावकऱ्यांच्या संस्थेकडे असली की काय बदलते आणि काय बदलत नाही, हा प्रश्न हुक्केरीहून निघून कोडिनारमार्गे दीवला जाणाऱ्या गटाने विचारला नाही, तर तो दुसऱ्या कोणी विचारायचा? कोडिनारमध्ये जुन्या जाणत्या मंडळींशी त्या काळाबद्दल बोलण्याचा प्रयत्न करण्यात येईल. त्यासाठीचे प्रश्न हुक्केरीच्या गटाने तयार करून आणावेत.

डेन्मार्कच्या सॅम्सो बेटाबद्दल वर्गात शिकवले आहे. तिकडे का नेत नाही?

सरळ उत्तर म्हणजे पैसा. विमानप्रवास, व्हिसा आणि तिथले राहणे धरले तर हा दौरा मूठभर घरांपुरताच उरेल, आणि ते आम्हाला मान्य नाही. पण सॅम्सोचा अभ्यास मात्र पूर्वतयारीत करायचाच आहे, कारण त्याच्याशी तुलना केल्याशिवाय दीवमध्ये काय पाहायचे ते कळणार नाही.

सॅम्सो ११४ चौरस किलोमीटरचे, जेमतेम चार हजार वस्तीचे, शेतीवर जगणारे बेट आहे. बटाट्यासाठी ते प्रसिद्ध आहे. १९९७ साली डेन्मार्क सरकारने घेतलेल्या स्पर्धेत, दहा वर्षांत पूर्णपणे अपारंपरिक ऊर्जेवर येण्याचा आराखडा मांडून या बेटाने पहिला क्रमांक मिळवला. २००० साली जमिनीवर प्रत्येकी एक मेगावॅटच्या अकरा पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत समुद्रात प्रत्येकी २.३ मेगावॅटच्या दहा. समुद्रातल्या चक्क्यांमागचा हिशेब रंजक आहे. बेटावरच्या मोटारी आणि फेरीबोटी पेट्रोल-डिझेलवरच चालत होत्या. त्यांनी जाळलेल्या इंधनाच्या तोडीची स्वच्छ वीज तयार करून ती केबलने मुख्य भूमीला द्यायची आणि खाते बरोबर करायचे, असे ठरले. म्हणजे सॅम्सोसुद्धा क्षणोक्षणी स्वतःच्याच विजेवर चालते असे नाही. वारा पडला की तेही जाळ्यातून वीज घेते. वर्षाचा जमाखर्च मांडला तर ते देणेकरी नसून घेणेकरी ठरते, एवढाच त्याचा अर्थ.

घरे उबदार ठेवण्यासाठी तेथे गव्हासारख्या पिकांचा पेंढा जाळून पाणी तापवतात आणि ते नळांतून घरोघर फिरवतात. चिकोडी, अथणी, निपाणी पट्ट्यात ज्यांनी साखर कारखान्याची सहवीजनिर्मिती पाहिली आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. आपण उसाची चिपाडे जाळून वाफ करतो, कारखाना चालवतो आणि उरलेली वीज विकतो.

पण सॅम्सोची खरी गोष्ट मालकीची आहे. जमिनीवरच्या चक्क्यांपैकी बहुतेक शेतकऱ्यांच्या होत्या आणि दोन चक्क्यांचे शेअर रहिवाशांनी घेतले होते. समुद्रातल्या दहांपैकी पाच नगरपालिकेच्या होत्या. ज्याच्या घरात शेअरचा कागद आहे, त्याला चक्कीचा आवाज फारसा खटकत नाही. कारखान्याचा शेअर आजोबांच्या नावावर असलेल्या आपल्या घरांना हे वेगळे सांगायला नको. दीवमध्ये मात्र जमिनीवरचा मोठा प्रकल्प प्रशासनाच्या पुढाकाराने आणि सरकारी पैशाने उभा राहिला. त्यामुळे काम झपाट्याने झाले, हे त्याचे मोठे यश. पण फुदमच्या रहिवाशाला तो प्रकल्प ‘आपला’ वाटतो का, हे विचारल्याशिवाय परत यायचे नाही.

लक्षद्वीपचाही पर्याय काही पालकांनी सुचवला होता. तेथील बेटे मुख्य भूमीच्या जाळ्यापासून पूर्ण तुटलेली असल्यामुळे अभ्यासाला ती अधिक चांगली ठरली असती. पण प्रवेश परवाना, कोचीहून जहाजाचे वेळापत्रक आणि मोठ्या गटाची व्यवस्था पाहता या वर्षी ते जमणारे नाही.

दौऱ्याआधी विद्यार्थ्यांनी कोणती तयारी करायची आहे?

पहिली तयारी घरच्या वीजबिलाची. गेल्या बारा महिन्यांची बिले जमवून दर महिन्याची युनिटे एका तक्त्यात लिहावीत. कर्नाटकातील घरांत जुलै २०२३ पासून गृहज्योती योजनेमुळे अनेकांचे बिल शून्य येते. योजनेची मर्यादा दरमहा २०० युनिट असली तरी प्रत्येक घराला ती पूर्ण मिळत नाही, त्या घराचा आधीचा सरासरी वापर आणि त्यावर थोडी वाढ, एवढीच वीज विनामूल्य असते. बिल शून्य असले तरी वापरलेली युनिटे त्यावर छापलेली असतात, ती पाहावीत. चंदगडच्या विद्यार्थ्यांकडे महावितरणचे बिल असेल. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क अशा ओळी मराठीतच दिसतील. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच कुटुंबाची घरे किंवा शेते असणे आपल्याकडे नवलाचे नाही. अशा घरातील विद्यार्थ्याने दोन्ही बिले शेजारी ठेवून तुलना केली, तर त्याचा प्रबंध अर्धा तयार झालाच समजा.

या बिलांतून एक कळीचा प्रश्न उभा राहतो आणि त्यावर विद्यार्थ्यांनी निघण्यापूर्वीच आपले मत लिहून ठेवावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत छपरावरील सौर पॅनेलसाठी दोन किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेसाठी ७८,००० रुपये अनुदान मिळते. पण ज्याचे बिल आधीच शून्य आहे, तो उरलेले पैसे खिशातून घालून पॅनेल का बसवील? दोन्ही योजना आपापल्या जागी चांगल्या हेतूच्या आहेत. त्या एकाच छपरावर भेटल्या की काय होते, हे पाहायचे आहे.

दुसरी तयारी म्हणजे आपल्या परिसरातील एका ठिकाणाला भेट. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला आपण जातोच. त्या परिसरात रेणुकासागर जलाशयाच्या आधाराने, वीज जास्त असेल तेव्हा पाणी उंचावरच्या तलावात चढवायचे आणि वीज हवी असेल तेव्हा तेच पाणी खाली सोडून जनित्र फिरवायचे, अशा साठवणुकीचा मोठा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. दुपारचे ऊन रात्री वापरण्याचा हा एक मार्ग आहे. दीवकडे डोंगर नाही, गोड्या पाण्याचा साठाही नाही, त्यामुळे हा मार्ग त्याला खुला नाही. आपल्याकडे जे आहे त्याची किंमत बेटावर गेल्यावरच कळते. ज्यांना सौंदत्ती दूर पडते, त्यांनी जवळच्या साखर कारखान्याची सहवीजनिर्मिती किंवा गावातील छपरावरचा एखादा सौर संच पाहिला तरी चालेल.

गणित फार अवघड आहे का?

नाही. नववीच्या विद्यार्थ्याला जमेल एवढेच आहे. आपल्या हवामानात एक किलोवॅटचा सौर संच स्वच्छ दिवशी ढोबळमानाने चार युनिट वीज देतो. मग दीवच्या १३ मेगावॅटमधून दिवसाला सुमारे ५२,००० युनिट मिळायला हवीत. ही वीज संध्याकाळी सातनंतरही वापरायची असेल, तर किती बॅटऱ्या लागतील, हा पुढचा प्रश्न. एक मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. यावरून फुदमच्या जागेचा अंदाज आणि मग तेवढ्याच जागेत आपल्या शिवारात काय पिकते, याची तुलना करता येईल. येथे तुमकुरू जिल्ह्यातील पावगडचे उदाहरण द्यावेसे वाटते. तेथे सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान आहे. त्यासाठी जमीन विकत घेतली नाही, शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेतली. सुरुवातीचे भाडे एकरी वर्षाला २१,००० रुपये होते. कोरडवाहू जमिनीला हे भाडे परवडते का आणि भूमिहीन मजुराचे त्यात काय होते, यावर मुलांनी वाद घालावा.

आणखी दोन छोटी उदाहरणे. पॅनेलचा कल साधारण त्या गावाच्या अक्षांशाइतका ठेवतात. बेळगाव सुमारे १६ अंशांवर, दीव सुमारे २१ अंशांवर, म्हणून दोन्ही ठिकाणी कल मोजून पाहावा. आणि पॅनेल तापले की वीज वाढत नाही, घटते. २५ अंश सेल्सिअसच्या वर प्रत्येक अंशाला जवळजवळ ०.४ टक्के. भर उन्हात पॅनेल ६० अंशांवर गेले, तर सुमारे १४ टक्के घट होते. ‘जितकी उष्णता जास्त तितकी वीज जास्त’ ही समजूत मोठ्यांमध्येही घट्ट असते, त्यामुळे घरी गेल्यावर हे नक्की सांगावे.

कोणाला येता येईल?

नववी आणि पदवीपूर्व प्रथम वर्षाचे विद्यार्थी, तसेच पदवीचे विद्यार्थी. दहावी आणि पदवीपूर्व द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षा तोंडावर असल्यामुळे घेतले जाणार नाही. पालकांनी कृपया आग्रह करू नये.

दौरा कधी आहे?

जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, संक्रांत झाल्यावर. आकाश निरभ्र असते, ऊन सोसवते आणि नाताळची गर्दी ओसरलेली असते. उत्तरायणाच्या दोन दिवसांत गुजरातमध्ये पतंगांच्या मांज्यामुळे रस्त्यावर अपघात होतात, म्हणून ते दिवसही टाळले आहेत. पावसाळ्यात दौरा काढावा, म्हणजे सौरऊर्जेची दुबळी बाजू दिसेल, अशी एका शिक्षकांची सूचना होती. ती तर्काला धरून होती, पण त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो.

खर्च किती येईल?

रेल्वे तिकिटे आणि निवासाचे आरक्षण झाल्यावर निश्चित रक्कम पालक बैठकीत सांगितली जाईल आणि ती तीन हप्त्यांत भरता येईल. रेल्वेची विद्यार्थी सवलत मिळवण्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचे पत्र लागते, ते वेळेवर द्यावे. ज्यांना पूर्ण रक्कम भरणे कठीण आहे, त्यांनी वर्गशिक्षकांना एकट्याने भेटावे. त्याची वाच्यता होणार नाही.

दीवमध्ये दारू सहज मिळते, असे ऐकले आहे. मुलांना तेथे पाठवणे योग्य आहे का?

ऐकले ते खरे आहे. गुजरातमध्ये दारूबंदी असल्यामुळे शेजारच्या दीवमध्ये पर्यटकांची त्या कारणानेही वर्दळ असते. गोव्याच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्या पालकांना हे चित्र अगदीच अनोळखी नसावे. निवासाची जागा नागवा किनारा आणि बाजार यांपासून दूर, गावाच्या शांत भागात घेतली आहे. संध्याकाळी सातनंतर कोणताही विद्यार्थी शिक्षकाशिवाय बाहेर पडणार नाही. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांनाही हाच नियम लागू आहे. परतीच्या वाटेवर गुजरातच्या हद्दीत सामानाची तपासणी होऊ शकते आणि दारू नेणे हा तेथे गुन्हा आहे, याची सर्वांना लेखी जाणीव दिली जाईल. शिक्षकांनाही.

मुलींच्या सुरक्षिततेची काय व्यवस्था आहे?

मुलींच्या प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षिका असेल आणि निवासात मुलींचा मजला स्वतंत्र असेल. रेल्वेत आरक्षण शक्यतो एकाच डब्यात केले जाईल. पालकांना रोज रात्री गटप्रमुख शिक्षिकेचा निरोप येईल. मुलीने स्वतः दूरध्वनी करण्यावर कोणतेही बंधन नाही.

सौर प्रकल्पात विजेचा धोका नाही का?

आहे, आणि तो ओळखीचा नसल्यामुळे अधिक आहे. घरातला दिवा बटण दाबून बंद करता येतो, पण पॅनेलवर ऊन पडत असेपर्यंत त्याच्या तारांत विद्युतदाब राहतोच. मोठ्या प्रकल्पात अनेक पॅनेल ओळीने जोडल्यामुळे हा दाब हजार व्होल्टच्या घरात जातो, आणि तोही एकदिश असतो. त्यात ठिणगी पडली तर ती सहज तुटत नाही. म्हणून प्रकल्पात कोणत्याही तारेला, जोडणीला किंवा पेटीला हात लावायचा नाही. मोजमाप करायचे ते आम्ही बरोबर नेलेल्या छोट्या वीस वॅटच्या पॅनेलवर आणि शिक्षकांसमोरच. बंद बूट सक्तीचे आहेत. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेमुळे लोखंडी चौकटी आणि जोडण्या गंजतात. तेथील कर्मचारी त्यासाठी काय करतात, हा प्रश्न प्रत्येक गटाने विचारावाच, कारण पॅनेल उभारण्याचे समारंभ होतात, ते पुसण्याचे होत नाहीत.

प्रकल्प आत जाऊन पाहायला मिळेल याची खात्री आहे का?

परवानगीसाठी लेखी अर्ज केला आहे आणि परवानगी हातात आल्याशिवाय तिकिटे निश्चित केली जाणार नाहीत. हा धडा आम्ही महागात शिकलो आहोत. पूर्वी एकदा पवनचक्क्या पाहायला गेलो असता, तोंडी होकारावर विसंबून राहिल्यामुळे चाळीस मुलांना दोन तास फाटकाबाहेर उन्हात उभे राहावे लागले आणि चक्क्या दुरूनच पाहून परतावे लागले. चूक आमचीच होती.

तेथे कोणती भाषा चालेल?

दीवमध्ये लोक मुख्यतः गुजराती बोलतात. १९६१ पर्यंत तेथे पोर्तुगीज राजवट होती, त्यामुळे जुन्या पिढीतील काहींना पोर्तुगीजही येते. हिंदीवर आपले काम निभावेल. घरी मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी आणि दूरदर्शनवर हिंदी अशी सवय असलेल्या सीमाभागातील मुलांना आणखी एका भाषेचे दडपण येत नाही, असा अनुभव आहे. मुलाखतीसाठी लागणारी वीसेक गुजराती वाक्ये बरोबरच्या पुस्तिकेत देवनागरीत छापली आहेत.

किल्ला, किनारा पाहायला वेळ मिळेल का?

एक संपूर्ण दुपार. दीवचा पोर्तुगीजकालीन किल्ला, नागवा किनाऱ्याजवळची फांद्या फुटलेली होका ताडाची झाडे आणि १९७१ च्या युद्धात बुडालेल्या आयएनएस खुखरी या युद्धनौकेचे स्मारक पाहता येईल. समुद्रात पोहण्यास परवानगी नाही.

जेवणाचे काय?

शाकाहारी, साधे आणि दोन वेळा गरम. गुजराती आमटी गोड लागते, याची मनाची तयारी करून यावे. तिखट हवेच असेल तर घरून ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी आणावी, मात्र तेलकट लोणच्याची बरणी नको. गेल्या वेळी ती डब्यात फुटली होती.

अहवाल कोणत्या भाषेत लिहायचा आणि तो कोणासमोर मांडायचा?

अहवाल मराठीत लिहायचा आहे. ज्या शाळांना शिक्षण खात्याकडे प्रत द्यावी लागते, त्यांनी कन्नडमध्ये दोन पानी सारांश जोडावा. भाषांतरासाठी कन्नड शिक्षकांनी आनंदाने होकार दिला आहे. प्रत्येक गटाने आपापल्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा विकास सोसायटीच्या सभेत दहा मिनिटे बोलायचे आहे. तेथे लोक पहिला प्रश्न विचारतील तो शेतीच्या मोटारीचा. थ्री फेज रात्री येते, पाणी द्यायला अंधारात साप-विंचवांच्या भीतीत जावे लागते, मग ही सौरवीज आमच्या फीडरला (शेतीच्या वीजवाहिनीला) दिवसा का मिळत नाही? या प्रश्नाला दीवचे उदाहरण थेट लागू पडते, कारण दिवसाची मागणी आणि दिवसाचे ऊन यांची जोडी जमवणे हेच तेथे साधले आहे. पीएम कुसुम योजनेत शेतीचे फीडर सौरऊर्जेवर आणण्याची तरतूद आहे, तिची माहिती गटाकडे असावी.

ऐनवेळी नाव मागे घेतल्यास पैसे परत मिळतील का?

रेल्वे तिकिटाचे जे परत येतील ते पूर्ण मिळतील. निवासाचे पैसे मात्र दौऱ्याच्या पंधरा दिवस आधीपर्यंत कळवल्यासच परत होतील. आजारपणाच्या बाबतीत डॉक्टरांचे पत्र दिल्यास प्रतीक्षा यादीतील विद्यार्थ्याला ती जागा देऊन रक्कम परत करण्याचा प्रयत्न केला जाईल. नोंदणीचे अर्ज वर्गशिक्षकांकडे उपलब्ध आहेत आणि त्यासोबत बारा महिन्यांच्या बिलांचा तक्ता जोडणे आवश्यक आहे.